चारचौघांत थांबणारा हात

माझे सगळे आयुष्य दुसऱ्याच्या बाजूला बसण्यात गेले. तक्रार म्हणून नाही सांगत, माझा धंदाच तो. मी पेटी वाजवते. डिचोली तालुक्यातल्या शाळांत संगीत शिकवले आणि शाळा सुटल्यावर जिथे बोलावतील तिथे साथीला बसले. कीर्तन, भजन, नाट्यगीतांचा कार्यक्रम, जत्रेतले नाटक, काही सोडले नाही. लोकांच्या घरी त्या कार्यक्रमांचे फोटो असतात. त्यांत मी अर्धी असते, नाहीतर नुसता माझा उजवा हात असतो. आमच्याकडे शिक्षिकेला 'टीचर' म्हणतात. निवृत्त होऊन कोरगावच्या घरी आले, काजूच्या बागेत लक्ष घालू लागले, तरी ते नाव सुटले नाही. 'टीचर आसत काय?' अशी हाक अजून अंगणातून येते, आणि बाहेर येऊन पाहावे तर कोणीतरी घाबरलेला माणूस उभा असतो.

कारण माझी ख्याती पेटीसाठी जेवढी झाली नाही तेवढी भीती घालवणारी बाई म्हणून झाली.

बाहेरच्या माणसाला हे जरा सांगितले पाहिजे. घरी एकटे वाजवताना चुकले तर थांबता येते, मागे जाता येते, पुन्हा सुरू करता येते. चारजणांत वाजवताना ठेका कोणासाठी थांबत नाही. तबलजी ताल धरतो, त्या तालाचे आवर्तन फिरत राहते, आणि प्रत्येक फेरीची पहिली मात्रा, जिला आम्ही सम म्हणतो, तिथे सगळ्यांनी एकत्र यायचे असते. गाणारा, पेटी, तबला, झांज, सगळ्यांनी. जो येत नाही तो एकटा उघडा पडतो. या उघडे पडण्याला माणूस भितो. बोटे विसरत नाहीत, माणूस बोटांना विसरतो.

माझे स्वतःचेही झाले होते. पहिल्यांदाच एका कीर्तनकारांच्या साथीला बसले आणि त्यांनी ठरलेला सूर सोडून भलत्याच पट्टीत सुरुवात केली. मी पट्ट्यांकडे बघत राहिले. काळ्या आणि पांढऱ्या, दोन्ही मला सारख्याच दिसू लागल्या. शेजारचा म्हातारा तबलजी, हात न थांबवता, हलकेच म्हणाला, "बाये, खाली कित्याक बघतंस? गाणारो वर आसा." मी मान वर केली. बुवांचा चेहरा दिसला आणि चेहऱ्याबरोबर सूरही सापडला. तेच वाक्य मी पुढे आयुष्यभर विकले.

डिचोलीच्या एका बँकेतल्या मॅडम माझ्याकडे यायच्या. घरी त्यांची पेटी ऐकावी. पण महिला मंडळात बसल्या की अशा सुटायच्या की तबलेवाला मागे धावायचा. तो एकदा वैतागून म्हणाला, "मॅडम, ही बस चुकली तर फाटल्यान दुसरी येता!" मागून दुसरी येतेच, मग धावता कशाला, असे त्याचे म्हणणे. मी त्यांना सांगितले, पुढच्या रविवारी तुम्ही फक्त 'सा' धरून बसायचे. एकच पट्टी. बाकी सगळे गातील, वाजवतील, तुम्ही ऐकायचे. त्या रागावल्या. मग बसल्या. भजन संपल्यावर त्यांचे डोळे पाणावले होते. म्हणाल्या, "टीचर, एवढी वर्षे ह्या बायका काय गातात ते मी कधी ऐकलंच नव्हतं." त्या दिवसापासून त्यांचे धावणे थांबले. भीती माणसाला बहिरे करते, कान उघडला की भीती जाते, असे मी त्यानंतर जो भेटेल त्याला सांगू लागले.

हे वाक्य मी दिगंबरलाही सांगितले होते. आता ते आठवले की अंगावर काटा येतो.

दिगंबर पाळी गावात राहायचा. घराणे मूळचे दोडामार्गकडचे, वडील खाणीवर कामाला आले आणि इथलेच झाले. दिगंबरही खाणीच्या प्लांटवर, जिथे खनिज फोडून चाळतात तिथे. मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा त्याने कंत्राटदाराकडे ब्रेकर चालवला, जांभा दगड फोडायचे ते यंत्र. खाणी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा परत गेला. रुंद खांदे, जाड बोटे, बोलणे कमी. पण तबल्यावर हात पडला की ऐकणाऱ्याने काम सोडावे. कोणाकडे शिकला नव्हता, बापाच्या मांडीवर बसून उचललेले सगळे.

त्यांचे भजनी पथक होते. मुख्य गाणारे रामनाथबुवा, गावात त्यांचे किराणा मालाचे दुकान. झांजेला उमेश, दिगंबरच्याच प्लांटवरचा. आणखी कोरसाला तीन-चार जण. निवृत्तीनंतर रविवारी सकाळी मी त्यांच्या तालमीला जाऊ लागले, पेटी वाजवायला आणि चाली बसवायला.

पहिल्याच दिवशी रामनाथबुवांनी मला बाजूला घेतले. "टीचर, आमचो तबलजी भिवकुरो. हांगा बरो वाजयता. माचयेर चडलो काय हात थांबता ताचो. तुमी भय काडटात म्हण आयकलां."

दिगंबर समोरच बसला होता. तो मान खाली घालून हसला. माची म्हणजे व्यासपीठ. आणि भिवकुरो, म्हणजे भित्रा, हे त्याला तोंडावर म्हणत आणि तो हसे.

मी माझे सगळे उपाय त्याच्यावर चालवले. वर बघ म्हटले. तो बघायचाच. मी पाहिलेल्या तबलजींत गाणाऱ्याच्या तोंडाकडे इतके टक लावून बघणारा दुसरा नव्हता. श्वास सोड म्हटले, सोडायचा. चुकलास तरी ठेका धरून राहा म्हटले, मान डोलवायचा. तालमीत आम्ही चटईवर गोल करून बसायचो आणि तिथे तो क्वचित अडखळे. गावातल्या छोट्या कार्यक्रमात व्यासपीठावर ओळीने बसलो की मात्र घाम फुटायचा. हात जड व्हायचे, ठेका ढिला पडायचा, शेवटी नुसता डग्गा धूम धूम वाजत राहायचा. खाली उतरल्यावर म्हणायचा, "टीचर, माका भिया वाटता. काय करू?"

मोठा माणूस, पन्नाशीकडे झुकलेला, उघडपणे 'भिया वाटता' म्हणतो याचे मला कौतुक वाटे. पुरुष असे सहसा कबूल करत नाहीत.

मग डिचोलीची भजन स्पर्धा आली. मोठे सभागृह, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर, समोर परीक्षक. आमची पाळी दुपारची. पडदा वर गेला. रामनाथबुवा मध्ये माइकसमोर, मी त्यांच्या उजवीकडे, दिगंबर डावीकडे, दोघे जरा मागे, सगळे लोकांकडे तोंड करून. गजर चांगला झाला. अभंग सुरू झाला. दुसऱ्या कडव्यात बुवांनी सुरांची एक जागा घेतली, लांबवली, समेवर आले, आणि सम रिकामी गेली. तबला नव्हता.

मी वळून पाहिले. दिगंबरचे हात मांडीवर होते. तो बुवांच्या पाठीकडे बघत होता, जत्रेच्या गर्दीत पोर हरवते तेव्हा त्याचा चेहरा होतो तसा. उमेशची झांज जोरजोरात वाजतच होती. मी पेटीवर सम ठोकून दाखवली, मानेने खुणावले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. तो उठला. चालू भजनातून, परीक्षकांच्या डोळ्यांदेखत, तबला तिथेच ठेवून, बाजूच्या दाराने निघून गेला.

इतक्या वर्षांत मी माणसे चुकताना पाहिली, रडताना पाहिली, एकदा एक नट भूमिका विसरून प्रेक्षकांना नमस्कार करून आत गेलेला पाहिला. पण वाजवणारा वाद्य सोडून गेलेला मी कधी पाहिला नव्हता. माझी बोटे चालू होती, बाकी मी जागच्या जागी गार पडले होते. रामनाथबुवांनी झांजेवर कसाबसा अभंग पुरा केला. पडदा पडल्यावर आम्ही दारापाशी गेलो. बाहेर दिगंबरची स्कूटर नव्हती.

"टीचर," शेवटी रामनाथबुवा म्हणाले, "ताका आता परत हाडूं नकात." त्याला पुन्हा आणू नका, एवढेच. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागले.

तबला-डग्गा मी माझ्याकडे घेतला आणि पुढच्या रविवारी तो परत करायला दिगंबरच्या घरी गेले. काय बोलायचे ते वाटेत पाठ केले होते. भरलेल्या पिशवीसारखे ते शब्द मी सोबत नेले आणि एकही बाहेर काढावा लागला नाही.

त्याच्या बायकोने, सुमनने, मला सरळ स्वयंपाकघरात नेले. दिगंबर तिथेच खाली पाटावर बसून फणस कापत होता, हाताला तेल लावून. मला बघून तो ओशाळला. "बसा टीचर," एवढेच म्हणाला आणि पुन्हा गरे काढू लागला. त्याच्या पाठीमागे, अगदी हातभर अंतरावर, गॅसवर कुकर होता. सुमन माझ्यासाठी चहा ठेवत होती. इतक्यात कुकरची शिटी झाली.

लहानशा स्वयंपाकघरात ती शिटी केवढी! मी दचकले, हातातली पिशवी सुटता सुटता राहिली. दिगंबरचा सुरा मात्र हलला नाही. मान नाही, पापणी नाही. तो फणसाचा चीक पुसत होता.

सुमनने पटकन गॅस बारीक केला आणि माझ्याकडे पाहिले. त्या एका नजरेत सगळे होते. तिला ठाऊक होते, आणि मला आता कळले आहे हेही तिला कळले.

तरी माझा विश्वास बसेना. मी त्याच्या पाठीमागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हटले, "दिगंबर, तबलो हाडलाय तुजो."

तो गरे वेगळे करत राहिला.

मी तिथल्या स्टुलावर बसले. सुमन जवळ येऊन हळू म्हणाली, "टीचर, पायां पडतंय, कोणाक सांगा नकात."

तिचे हात जोडलेले दिसले तसा दिगंबरने वर पाहिले. एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे. मग सुरा खाली ठेवला.

"कळला मगे तुमका," तो म्हणाला.

"कधीपासून?" मी समोर जाऊन विचारले.

"बरीच वर्सां झाली. जाड आवाज येतत. विमान येता, ट्रक येता, डग्गो येता. बारीक काय येणा नाय. शिटी नाय, पाखरू नाय. समोर तोंड दिसला तर मान्साचा बोलणा कळता. पाठ केल्यान काय गेला."

एकेक गोष्ट आपली आपण उलगडू लागली. तालमीत गोल बसायचो, तिथे त्याला सगळ्यांची तोंडे दिसत. व्यासपीठावर ओळीने बसलो की बुवांची नुसती पाठ, आणि वरून झांजेचा आणि स्पीकरचा गोंगाट. विमाने आमच्या डोक्यावरून मोपाच्या विमानतळावर उतरतात, तेव्हा सगळ्यांबरोबर तोही वर बघायचा, म्हणून कोणाला शंका आली नाही. तबला सुरात लावायला तो नेहमी माझ्याकडे द्यायचा. 'तुमचो कान बरो,' म्हणायचा. मला ती नम्रता वाटली होती.

"अरे, मग भिया वाटता म्हणून कित्या सांगत होतंस सगळ्यांका?"

त्याने तेलकट हात फडक्याला पुसले. "टीचर, भित्रो म्हटल्यार लोक हसतत. बहिरो म्हटल्यार मशीनवरसून उतरवतत. खाण बंद होती तेवां घरात काय दिवस काढले ते हिका विचारा. परत काम गावला. आता कानाचा कोणाक सांगू?" आणि मग अगदी साधेपणाने म्हणाला, "हसांदेत. हसण्यान पोट रिकामा रवणा नाय."

म्हणजे गावभर भिवकुरो म्हणवून घेणे त्याने स्वतःच पत्करले होते! मी त्याची भीती काढायला निघाले होते आणि ती भीती त्याने अंगावर पांघरलेली शाल होती.

"आणि आता खरोखरच भिया वाटता," तो पुढे म्हणाला. "आदी नाटक होता. आता माचयेवर चडूचा म्हटला काय सकाळपासून कायतरी निमित्त शोधतंय. नाटकाचा खरा झाला."

मी शब्द दिला की सांगणार नाही, आणि पाळला. त्याला मात्र म्हटले, कान दाखवून घे. तो हसला, त्याच जुन्या हसण्याने. मी परत कोरगावला आले. रामनाथबुवांना सांगितले की दिगंबर काही दिवस विश्रांती घेतो आहे. पथकात दुसरा तबलजी आला. दर रविवारी मी पेटी वाजवायची आणि त्या रिकाम्या न राहिलेल्या जागेकडे बघायला मला नको वाटायचे.

पावसाळा संपत आला होता. एका सकाळी अंगणात स्कूटर थांबली. दिगंबर आणि सुमन. त्याच्या शर्टाची कॉलर मागून फाटलेली होती. सुमनचा चेहरा असा की मी पाणी आणायला आत न जाता तिला धरूनच बसवले.

प्लांटवर एक टिपर ट्रक मागे येत होता. मागे येताना गाड्या बारीक टी-टी करतात, तो आवाज दिगंबरला कधीच येत नव्हता. तो पाठमोरा उभा होता. मुकादम ओरडला, तेही ऐकू आले नाही. मग मुकादमाने धावत येऊन कॉलरला धरून त्याला ओढले. टिपर त्याच्या जागेवरून गेला.

"मागसून कोणीतरी ओढल्यान म्हणान माका आदी राग इलो," दिगंबर म्हणाला. त्याचे ओठ अजून पांढरे होते. "वळान मारूक हात उचललंय. आणि मगे चाक बघितलंय."

बाहेर माझी शेजारीण पाववाल्याशी घासाघीस करत होती, ते बोलणे स्पष्ट ऐकू येत होते. मला, सुमनला. त्याला नाही.

"टीचर," तो म्हणाला, "आता हा नाटक पुरे. माज्या वांगडा इस्पितळात चला, सोबतीक."

म्हापशाला कानाच्या डॉक्टरांनी तपासले. सततच्या मोठ्या आवाजाने बारीक, चढे सूर ऐकण्याची शक्ती गेलेली होती. गेले ते परत यायचे नाही, उरले ते सांभाळायचे, असे त्यांनी समजावले. कानाचे यंत्र मिळाले. ते लावून तो इस्पितळाच्या पायऱ्यांवर आला तेव्हा झाडावर काहीतरी चिवचिवत होते. तो थांबला. "हा काय?" म्हणाला. सुमन म्हणाली, "चिमण्यो." आणि तिने पदर तोंडाला लावला.

खाणीवर त्याने स्वतःच जाऊन सांगितले. काम गेले नाही, पण मशीन गेली. त्याला गेटवर बसवले. त्याचे दुःख त्याला आजही आहे. गेटवर बसतो तेव्हा प्लांटच्या बाजूला बघण्याचे टाळतो असे सुमन सांगते. सगळे छान झाले असे मी लिहिणार नाही.

मग राहिले पथक. मशीनपेक्षा त्याला हे जड गेले. "तेंका कसा सांगू? इतकी वर्सां फसवलंय," म्हणत होता. तालमीच्या दिवशी मी त्याला घेऊन गेले. नेहमीची चटई, सगळे गोल बसलेले. दुसरा तबलजी त्या दिवशी नव्हता. दिगंबर उभाच राहिला. कानामागचे यंत्र काढून त्याने तळहातावर ठेवले आणि तो हात सगळ्यांपुढे फिरवला.

"मी भिवकुरो नाय," तो म्हणाला. "माका ऐकाक येणा नाय."

रामनाथबुवांनी ते यंत्र पाहिले, त्याच्याकडे पाहिले. त्यांनी चष्मा काढला आणि चटईवर हात आपटला. "देवा रे! आनी आयकनासतना तूं असो वाजयतालो?" मग, मला सांगता आले नसते का, अशा स्वरात म्हणाले, "माका सांगपाक जायनाशिल्लें? हांवें तुका कितें कितें म्हटलें रे!"

"तुमचा तोंड बघून वाजवतंय, बुवा," दिगंबर म्हणाला. "म्हणान तुमी पाठ केलास काय मी गेलंय."

यंत्र लावून वाजवायचा प्रयत्न केला, तो फसला. झांज सुरू झाली तशी त्याने कळवळून ते उपटून काढले. डोक्यात पत्रे आपटताहेत असे वाटले म्हणाला. बोलणे ऐकायला यंत्र बरे, भजनाला नाही. तेव्हा दुसरा मार्ग काढावा लागला. पेटीचा भाता, ज्याने हवा भरतात ती मागची फळी, मी डाव्या हाताने हलवते. ती त्याला दिसते. ठरले की समेच्या आधी मी भाता पुरता उघडायचा आणि समेवर मिटायचा. पेटीच्या दृष्टीने ही अगदी वाईट सवय. मी विद्यार्थ्यांना अशा भात्यासाठी ओरडत आले आहे. या वयात ती मुद्दाम लावून घेतली. दिगंबर माझ्या आणि बुवांच्या समोर बसणार, म्हणजे दोघांची तोंडेही दिसणार.

त्यावर वाद झाला. सप्ताह तोंडावर आलेला, देवळात भजन करायचे होते. कोरसातला एकजण म्हणाला, "म्हणजे हो लोकांक पाठ करून बसतलो? बरें दिसना."

"लोकांक पाठ," रामनाथबुवा म्हणाले, "देवाक न्हय. बसूं दी."

सप्ताहात आमची पाळी दुपारी आली. सभामंडप भरलेला. दिगंबर लोकांकडे पाठ करून बसला तेव्हा कुजबुज झाली, ती त्याला ऐकू आली नाही, हे एक बरे. पण डग्गा तो पुन्हा पुन्हा इकडेतिकडे सरकवत होता. ते मला समोरून दिसत होते. या वेळी नाटक नव्हते, खरे भय होते. मी वाकून, तोंड नीट हलवत म्हटले, "चुकशील. चुकलंस तर उठा नको. माझ्या हाताकडे बघ."

आणि तो चुकलाच. अभंगाच्या सुरुवातीलाच लय निसटली, एक पूर्ण आवर्तन हवेत गेले. त्याचे हात तबल्यावर तरंगत राहिले. डिचोलीचे सभागृह माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मी भाता उघडला, इतका की तो फाटेल. रामनाथबुवा गाता गाता पुढे सरकले, जवळजवळ त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून, आणि त्याच्या डोळ्यांत बघून तीच ओळ पुन्हा म्हणाले. दिगंबरने माझ्या हाताकडे पाहिले. भाता मिटला आणि त्याचा हात समेवर पडला.

त्यानंतर तो थांबला नाही. मध्ये डगमगला, सावरला, गौळणीला तर त्याने बुवांनाच ओढत नेले. मी पेटी वाजवत होते की नुसता भाता, मला आठवत नाही. गजर संपला तेव्हा दिगंबरचा शर्ट घामाने काळा झाला होता. तो वळला आणि त्याने पहिल्यांदा लोकांकडे पाहिले. मी अनेकांची भीती गेलेली पाहिली होती, पण भीती असतानाच वाजवून उठलेला हा पहिला.

आम्ही वाद्ये आवरत होतो तेव्हा उमेश माझ्याजवळ आला. झांजेची दोरी बोटाला गुंडाळत, सोडवत.

"टीचर, तुमी माका सदां वरडतात, हळू वाजय, हळू वाजय."

"वरडतंय," मी म्हटले. "केवढी बडवतंस!"

त्याने इकडेतिकडे पाहिले. "माका ती आयकूंच येना. जोरान मारली काय मातशी कळटा."

जोराने मारली तरच त्याला ती जराशी कळत होती. दिगंबर आणि उमेश एकाच प्लांटवर, एकाच चाळणीशेजारी वर्षानुवर्षे उभे होते. एक ऐकू येत नाही म्हणून थांबत होता आणि दुसरा ऐकू येत नाही म्हणून बडवत होता, आणि दोघांच्या मध्ये बसून मी सूर लावत होते. त्या खाणपट्ट्यातली आणखी किती पथके मी ऐकली, किती जणांना 'कान उघडे ठेवा' म्हणून शिकवले, ते एकामागून एक चेहरे समोर येऊ लागले. दिगंबर जवळच उभा होता. उमेशचे बोलणे त्याने तोंडावरून वाचले असावे, कारण तो काहीच विचारत नव्हता.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा म्हापशाला गेलो, तिघे. उमेशला यायचे नव्हते. दिगंबर सकाळीच त्याच्या दारात जाऊन उभा राहिला होता. इस्पितळाच्या ओसरीत माणसांची गर्दी, पोरांची रड, वर पंख्याची घरघर. दोघे एका बाकावर बसले, मी पलीकडे. उमेश गुडघे हलवत होता. हाताला झांज नसल्यामुळे बोटे आपापसांतच आपटत होती.

आतून नर्सने नाव पुकारले. उमेश समोरच्या भिंतीकडे बघत होता. मी उठणार, तोच दिगंबरने मान वर केली. कानामागे यंत्र होते. त्याने उमेशच्या खांद्यावर हात ठेवला, त्याचे तोंड आपल्याकडे वळवून घेतले आणि सावकाश म्हणाला,

"तुका बोलवतत. चल, मी येतंय वांगडा."